मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप चालवताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवीन राहायला आलेल्या माणसाला घराची किल्ली लवकर मिळते, घरचं वाय-फाय मात्र रखडतं. अकरा महिन्यांचा करार, सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी, वायर टाकायला येणाऱ्या माणसाची वाट. त्यात बिल्डिंगमध्ये ज्या कंपनीची लाइन आधीच आलेली असते, तीच बहुतेक वेळा गळ्यात पडते. जुने रहिवासी तरी कुठे सुटलेत? रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की अख्खी गल्ली नेटशिवाय बसते, आणि लाइट गेली की राउटर मुका होतो.

अशा वेळी हातातला फोनच राउटरचं काम करतो. सिम टॉवरकडून नेट घेतं, फोन ते लॅपटॉपला पुढे देतो. वाय-फायने दिलं तर त्याला हॉटस्पॉट म्हणतात, केबलने किंवा ब्लूटूथने दिलं तर टेदरिंग. वेगळं ॲप लागत नाही. लॅपटॉपने जे काही वापरलं ते तुमच्याच रिचार्जमधून वजा होतं, एवढंच.

जोडणी दोन मिनिटांत होते आणि ती कोणीही शिकवतं. अडचण त्यानंतर सुरू होते. आपण मोजक्या डेटावर बसलोय हे लॅपटॉपला कळतच नाही. नळाला तासभरच पाणी येतं हे ठाऊक नसलेला पाहुणा जसा नळ सोडून निवांत दात घासतो, तसा तो मागच्या मागे अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो, व्हिडिओ पूर्ण ताकदीने चालवतो. दुपारी दोनलाच ‘तुमचा आजचा डेटा संपला’ असा मेसेज येतो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. म्हणून या लेखात जोडणीइतकीच जागा लॅपटॉपला आवरण्यालाही दिली आहे.

आधी रिचार्ज बघा

‘रोज दीड जीबी’ किंवा ‘रोज दोन जीबी’ हे पॅक फोनच्या वापराला धरून बेतलेले असतात. लॅपटॉपचं काम तसं रोज सारखं नसतं. सोमवारी तीन मीटिंग, मंगळवारी दोन मेल. रोजच्या पॅकमध्ये मंगळवारचा उरलेला डेटा रात्री १२ वाजता बुडतो आणि सोमवारी कमी पडतो तो पडतोच. लॅपटॉप नियमित चालवायचा असेल तर एकगठ्ठा डेटा देणारा पॅक, किंवा रोजच्या पॅकवर एखादं डेटा ॲड-ऑन, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ॲड-ऑन कंपनीच्या ॲपमधून लगेच चढतं. मात्र नेट पूर्ण थंडावण्याआधी घ्या, नंतर पैसे भरायचं पानसुद्धा उघडता उघडत नाही.

याचं कारण साधं आहे. रोजचा डेटा संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये नेट बंद होत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने तीन एमबीचं एक वेबपान उघडायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. व्हॉट्सॲपचा साधा मजकूर जातो, बाकी सगळं नुसतं फिरत राहतं. नवख्या माणसाला वाटतं हॉटस्पॉट बिघडला. आधी डेटा शिल्लक आहे का ते बघा, मग बाकीचं.

‘अमर्याद ५जी’वाल्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. डेटा अमर्याद असतो तो फोन खरोखर ५जी पकडून असेल तोवर. आतल्या खोलीत गेल्यावर तो गुपचूप ४जीवर उतरतो आणि मग रोजच्या कोट्यातून कापून घ्यायला लागतो. आपल्याकडे ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतं आणि या लहरी काँक्रीटच्या भिंतीत लवकर अडकतात. त्यामुळे खिडकीजवळ ‘५जी’ आणि बेडरूममध्ये ‘४जी’ हा खेळ ठाण्यातल्या बहुतेक घरांत चालतो. काम सुरू करण्यापूर्वी फोनच्या वरच्या पट्टीकडे एक नजर टाका.

वाय-फाय हॉटस्पॉट: अँड्रॉइड फोन

१. फोनचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि फोनवरच एखादी वेबसाइट उघडून बघा. फोनलाच नेट नसेल तर तो लॅपटॉपला काय देणार!

२. ‘सेटिंग्ज’ उघडा. बऱ्याच फोनांत ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’ असतं. सॅमसंगमध्ये ते ‘कनेक्शन्स’खाली ‘मोबाइल हॉटस्पॉट अँड टेदरिंग’ या नावाने सापडतं, शाओमीत ‘पोर्टेबल हॉटस्पॉट’. कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून सगळ्यात सोपं म्हणजे सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘हॉटस्पॉट’ टाइप करायचं.

३. बटण दाबायच्या आधी नाव आणि पासवर्ड बदला. नावात स्वतःचं आडनाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर टाकू नका. ठाणे स्टेशनवर वाय-फायची यादी उघडून बघा, लोकांनी आपली अर्धी ओळख तिथे जाहीर करून ठेवलेली दिसेल. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. इमोजी किंवा चिन्हं असली तर काही लॅपटॉप अडखळतात. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, तुम्ही बारा-चौदाचा ठेवा. सुरक्षेच्या पर्यायात ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ निवडा. ‘नन’ किंवा ‘ओपन’ कधीही नको.

४. तिथेच ‘बँड’ नावाचा पर्याय असतो. त्यात २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन दिसतात. या ५चा ५जीशी काही संबंध नाही, नावाची गफलत आहे. फोन लॅपटॉपच्या शेजारीच असेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या, वेग चांगला मिळतो. मध्ये भिंत असेल किंवा लॅपटॉप जुना असेल तर २.४. पण दाटीवाटीच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराचा राउटर २.४वर बोलत असतो आणि तिथे एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत, त्यामुळे गर्दीत वेग पडतो.

५. आता हॉटस्पॉट चालू करा. वरच्या पट्टीत हॉटस्पॉटचं चिन्ह येईल. कोणी जोडलेलं नसेल तर काही मिनिटांनी तो आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक फोनांत असते. ती राहू द्या. चहा करून आल्यावर पुन्हा चालू करावा लागतो, पण बॅटरी वाचते.

हॉटस्पॉटचं बटण दाबलं जातच नसेल तर फोनमधला ‘डेटा सेव्हर’ चालू आहे का बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत डेटा सेव्हर असताना हॉटस्पॉट उघडत नाही.

आयफोन असेल तर

‘सेटिंग्ज’मध्ये ‘पर्सनल हॉटस्पॉट’ आणि त्यात ‘अलाऊ अदर्स टू जॉइन’ चालू करा, पासवर्ड तिथेच खाली बदलता येतो. पहिल्यांदा जोडताना लॅपटॉप जोडला जाईपर्यंत ते पान उघडंच ठेवा. स्क्रीन बंद केली तर आयफोनचं नाव लॅपटॉपच्या यादीत यायला कुरकुर करतं. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल आणि लॅपटॉपला तो दिसतच नसेल, तर त्याच पानावरचं ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, म्हणजे तो २.४वर येतो. हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव. ते ‘जनरल’, ‘अबाउट’, ‘नेम’ इथे बदलतं. मॅकबुक आणि आयफोन एकाच ॲपल खात्यावर असतील तर मॅकच्या वाय-फाय यादीत फोन आपणहून दिसतो, पासवर्डही विचारत नाही.

लॅपटॉपच्या बाजूने

विंडोजमध्ये खाली उजव्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, यादीतून आपलं नाव निवडा, ‘कनेक्ट’ दाबा. जिथे ‘सिक्युरिटी की’ असं लिहिलंय तिथे हॉटस्पॉटचा पासवर्ड टाकायचा. स्वतःचा लॅपटॉप असेल तर ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’वर टिक ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ती टिक काढा, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही जवळपास हॉटस्पॉट चालू केला की तो लॅपटॉप न सांगता येऊन चिकटेल. हा लॅपटॉप इतर उपकरणांना दिसू द्यायचा का असं विंडोजने विचारलं, तर ‘नको’ म्हणा.

केबल: लोक विसरतात तो मार्ग

मला विचाराल तर टेबलाशी बसून काम करायचं असेल तेव्हा यूएसबी केबलच बरी. वाय-फायची गर्दी आड येत नाही, पासवर्ड टाकावा लागत नाही, शेजाऱ्याला काही दिसत नाही. शिवाय फोन लॅपटॉपवरूनच चार्ज होत राहतो. जुन्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अडीच वॉट मिळतात, त्यामुळे फोन भराभर भरत नाही, पण हॉटस्पॉटवर तो जसा झपाट्याने उतरतो तसा उतरत नाही.

पायऱ्या सोप्या आहेत, फक्त क्रम पाळायचा. आधी केबल जोडा, मग त्याच ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’च्या पानावर जा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल जोडण्याआधी ते बटण फिकट दिसतं, दाबलं जात नाही. विंडोज काही क्षणांत नवं ‘इथरनेट’ कनेक्शन दाखवतं आणि नेट सुरू होतं.

केबल जोडूनही बटण फिकटच राहिलं तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. स्टेशनबाहेरच्या ठेल्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कित्येकींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होतो म्हणून आपण केबलवर संशयच घेत नाही. फोनबरोबर आलेली मूळ केबल लावून बघा.

आयफोन विंडोजला केबलने जोडायचा तर लॅपटॉपवर ‘ॲपल डिव्हायसेस’ किंवा आयट्यून्स आधी घालून ठेवावं लागतं, आणि फोनवर ‘ट्रस्ट धिस कम्प्युटर’ला होकार द्यावा लागतो. नेट नसताना हे डाउनलोड कुठून करणार? म्हणून घरी किंवा ऑफिसात वाय-फाय असतानाच उरकून टाका. अँड्रॉइड फोन आणि मॅकबुक या जोडीचं केबलवर अनेकदा जमत नाही. तिथे वेळ न घालवता सरळ वाय-फाय हॉटस्पॉट वापरा.

केबलचा एक उपयोग फारसा कोणाला माहीत नसतो. लॅपटॉपचं वाय-फाय बिघडलं असेल आणि घरात राउटर चालू असेल, तर फोन घरच्या वाय-फायला जोडा आणि केबलने टेदरिंग सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन मग घरचंच नेट लॅपटॉपला देतात, मोबाइल डेटाला हात लागत नाही. नवीन विंडोज टाकल्यावर वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सापडत नाही तेव्हा यावर काम भागतं.

ब्लूटूथनेही नेट देता येतं. वेग फार तर एक-दोन एमबीपीएस. मेल वाचण्यापुरतं ठीक, बॅटरी कमी खातं. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता लॅपटॉपला आवरा

विंडोजला सांगावं लागतं की हे नेट मोजून-मापून मिळतंय. हॉटस्पॉटला जोडलेले असताना ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’ आणि मग जोडलेल्या नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘मीटर्ड कनेक्शन’ नावाचं बटण आहे, ते चालू करा. त्यासरशी विंडोज बहुतेक मोठे अपडेट उतरवायचे थांबवतं आणि वनड्राइव्ह (विंडोजबरोबर येणारं मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) आपली चढउतार रोखून धरतो. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

यात दोन बारकावे आहेत. ही खूण नेटवर्कच्या नावाला चिकटते. हॉटस्पॉटचं नाव बदललं की विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क होतं आणि खूण पुन्हा करावी लागते. दुसरं, केबलने जोडल्यावर ते ‘इथरनेट’ म्हणून मोजलं जातं, त्यामुळे ‘इथरनेट’च्या पानावर जाऊन तिथेही मीटर्ड करायचं. काही फोन दर जोडणीला विंडोजला नवे वाटतात, म्हणून केबलवाल्यांनी अधूनमधून ते पान तपासावं.

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘वाय-फाय’, जोडलेल्या नेटवर्कपुढचं ‘डिटेल्स’ आणि त्यात ‘लो डेटा मोड’.

पण विंडोज आवरलं म्हणजे सगळं आवरलं असं नाही. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गेमचे लाँचर, अँटिव्हायरस हे आपापल्या मर्जीने चालतात. खाली उजवीकडे घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की कोण कोण जागं आहे ते दिसतं. ड्राइव्हसारख्यांना तिथूनच ‘पॉज’ करता येतं, गेमचे लाँचर सरळ बंद करा. व्हॉट्सॲपच्या लॅपटॉपवरल्या ॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करून ठेवा. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांचे व्हिडिओ फोनवर एकदा आणि लॅपटॉपवर दुसऱ्यांदा उतरवण्यात काय हशील?

अपडेट कायमचे मात्र रोखू नका. त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. आठवड्यातून एकदा ऑफिसात किंवा मित्राकडे खऱ्या वाय-फायवर लॅपटॉप तासभर लावून ठेवा आणि साचलेलं उतरवून घ्या.

कोण किती खातंय ते बघायचं असेल तर विंडोजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’खाली ‘डेटा यूसेज’ आहे, प्रत्येक ॲपचा हिशेब तिथे असतो. तिथेच मर्यादाही घालता येते. अँड्रॉइड फोनच्या डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटची ओळ वेगळी दिसते, आयफोनमध्ये ‘मोबाइल डेटा’खाली ‘पर्सनल हॉटस्पॉट’ म्हणून. काही फोनांत, उदाहरणार्थ शाओमीच्या, एका बैठकीत किती डेटा द्यायचा याची मर्यादाही घालता येते. मुलांना हॉटस्पॉट देताना ती सोय कामाला येते.

मीटिंगचा हिशेब

हिशेब करायला एक आकडा पाठ ठेवा. एक एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला की ४५० एमबी जातात. स्वच्छ चित्राचा व्हिडिओ कॉल अडीच एमबीपीएसच्या आसपास खातो, म्हणजे तासाला सव्वा जीबीच्या जरा आत. दोन जीबीच्या पॅकवर अशी दोन तासांची मीटिंग धड पुरी होत नाही. येणारा आणि जाणारा, दोन्ही डेटा मोजला जातो, त्यामुळे तुमचा कॅमेरा चालू असणं हाही खर्चच. फक्त आवाजाचा कॉल तासाला शंभरेक एमबीच्या आत बसतो.

तेव्हा कॅमेरा बंद करा, आणि साहेबांना ‘हॉटस्पॉटवर आहे’ असं सुरुवातीलाच सांगून टाका. टीम्समध्ये समोरून येणारा व्हिडिओ बंद करता येतो, झूममध्ये ‘एचडी’ची टिक काढता येते, गूगल मीटच्या सेटिंग्जमध्ये पाठवायचं आणि घ्यायचं चित्र कमी दर्जाचं करता येतं. नुसतं ऐकायचं असेल तर लॅपटॉप मध्ये आणताच कशाला? फोनवरूनच मीटिंगला बसा. यूट्यूबवर शिकवणीचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी दर्जा ४८०पीवर आणावा. फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात वाचता येतात आणि डेटा १०८०पीच्या मानाने कितीतरी कमी जातो.

मीटिंग चालू असताना फोन आला तर काय? ‘व्होल्टे’ (४जीवरूनच कॉल होण्याची सोय) चालू असेल आणि कॉल त्याच सिमवर आला तर नेट चालू राहतं. पण दोन सिमच्या फोनात दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की बऱ्याच फोनांत डेटा तेवढ्यापुरता थांबतो आणि मीटिंगमधून तुम्ही गायब होता. महत्त्वाच्या मीटिंगआधी दुसरं सिम सेटिंग्जमधून तात्पुरतं बंद करा, किंवा त्या नंबरवरचे कॉल दुसऱ्या फोनवर वळवा.

रेंज कुठे मिळते

वाय-फाय हॉटस्पॉटचा खरा फायदा इथे दिसतो. फोन खिडकीत आणि तुम्ही टेबलाशी, असं बसता येतं. दहाएक मीटर आणि मध्ये एखादी भिंत एवढं अंतर हॉटस्पॉट २.४वर निभावून नेतो. लॅपटॉपवर वाय-फायचे चार दांडे भरलेले दिसतात म्हणून फसू नका. ते लॅपटॉप आणि फोन यांच्यातलं अंतर सांगतात, फोन आणि टॉवर यांच्यातलं नाही. टॉवरची खरी ताकद फोनच्या ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या स्थितीखाली उणे आकड्यांत दिसते. उणे ८०-९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० किंवा त्याहून खाली गेलं की मीटिंगचा नाद सोडा. घरात हा आकडा बघत एक फेरी मारा, कामाची जागा आपोआप ठरेल.

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरांत विसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांची वेगळीच तक्रार असते: रेंज पूर्ण, पण नेट रडतं. मोबाइलच्या टॉवरचे अँटेना खाली रस्त्याकडे झुकवलेले असतात. एवढ्या उंचीवर फोनला लांबलांबचे अनेक टॉवर सारख्याच ताकदीने ऐकू येतात आणि तो एकाला धरून राहत नाही. अशा घरात फोनच्या ‘प्रिफर्ड नेटवर्क’मध्ये ५जी काढून फक्त ४जीवर ठेवून बघा, किंवा खिडकी बदला. खाडीकडच्या बाजूला एक अनुभव येतो, डोंगराकडच्या बाजूला दुसरा. येऊरच्या पायथ्याशी आणि पारसिकच्या डोंगराला लागून असलेल्या वस्त्यांत तर एकाच घरात एका कंपनीचं सिम छान चालतं आणि दुसऱ्याचं मरतुकडं. म्हणून दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवावीत. हॉटस्पॉट नेहमी ‘डेटा’साठी निवडलेल्या सिमवरून चालतो. सिम बदललं की नेट बदललं.

लाइट जाते तेव्हा आसपासची सगळी घरं एकदम मोबाइल नेटवर येतात, त्यामुळे टॉवरवर गर्दी होऊन वेग पडतो. टॉवरला बॅटरीचा आधार असतो, पण तो काही तासांचा. मोठ्या फाइल पाठवायच्या असतील तर थोडं थांबा.

ठाणे–वाशी लोकलमध्ये लॅपटॉप उघडून बसणारे ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरताना दिसतात. गाडी पुढे जाते तसा फोन टॉवर बदलत जातो आणि प्रत्येक बदलाला नेट क्षणभर अडतं. गाडीत लिहिण्या-वाचण्याचं काम करावं, मेल लिहून ठेवावेत, ते गाडी थांबल्यावर जातात. व्हिडिओ कॉल टाळावा, आपल्यासाठी आणि शेजारच्या प्रवाशांसाठीही. स्टेशनवरचं फुकट वाय-फाय बातम्या वाचायला चांगलं. बँकेचं काम करायचं असेल तर मात्र आपलाच हॉटस्पॉट.

फोन तापतो

हॉटस्पॉट चालवताना फोन एकाच वेळी टॉवरशी आणि लॅपटॉपशी बोलत असतो, वर चार्जिंग लावलं की आणखी तापतो. एप्रिल-मेच्या दुपारी खिडकीत उन्हात ठेवलेला फोन तर हमखास. जास्त तापला की तो स्वतःच वेग कमी करतो किंवा हॉटस्पॉट बंद करतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा, उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका.

जोडलंय, पण नेट नाही

हाच क्रम धरा. फोनवर, त्याचं वाय-फाय बंद ठेवून, वेबसाइट उघडते का? उघडत नसेल तर डेटा संपलाय, रेंज नाही किंवा चुकीचं सिम निवडलंय. उघडत असेल तर फोन विमान मोडवर टाकून दहा सेकंदांनी परत आणा. मग हॉटस्पॉट बंद-चालू करा, आणि लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने टाका. यादीत नावच दिसत नसेल तर बँड २.४वर आणा. नेट चालतंय पण ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) तेवढं जोडत नाही, असं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर करून बघा. काही जुनी व्हीपीएन मोबाइल कंपन्यांच्या पत्त्यांच्या पद्धतीशी जुळवून घेत नाहीत.

हे सगळं करूनही वेग कमी वाटत असेल तर हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. मागे कधीतरी पासवर्ड दिलेला भाचा शेजारच्या खोलीत गेम खेळत असतो. पासवर्ड बदलला की सगळे एकदम सुटतात.

रोजचंच होऊन बसलं तर

महिन्यातून चार-सहा वेळा लागत असेल तर हॉटस्पॉट पुरे. रोज आठ तास त्याच्यावरच काम करत असाल तर फोनची बॅटरी आणि रिचार्जचा खर्च, दोन्ही बघता घरची लाइन स्वस्त पडते. सोसायटी वायर टाकू देत नसेल तर हवेतून ५जी घेऊन घरात वाय-फाय देणारी एअरफायबरसारखी जोडणी विचारून बघा. मात्र ती घेण्याआधी खिडकीपाशी त्याच कंपनीचं ५जी फोनवर नीट येतंय का ते पाहा. आणि नेट फक्त लाइट गेल्यावरच जात असेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो लावा. त्याआधी बिल्डिंगमधल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप आहे का ते वॉचमनला नाही, केबलवाल्यालाच विचारा. ती पेटी बंद पडत असेल तर तुमचा राउटर चालू राहून उपयोग नाही, हॉटस्पॉटच लावावा लागेल.